समोरच्या बाजूचे धकाते सर

फोन मलाच आला. आमच्या खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये फोन नव्हता आणि माझी बायको सुमती त्या दिवशी तापामुळे कॉलेजला गेली नव्हती. म्हणून तिच्या कॉलेजातल्या कुणीतरी वीज केंद्राच्या ऑफिसात मला फोन लावला आणि सांगितलं, की मराठीचे धकाते सर सकाळी गेले. घरीच, उत्तरपत्रिका तपासता तपासता खुर्चीतच मान टाकली म्हणे. "मॅडमना तुम्हीच सांगा," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. ऑफिसपासून कॉलनीपर्यंतचा रस्ता उन्हात पांढरा पडला होता, कडेच्या बाभळींवर नेहमीसारखी केंद्राच्या चिमणीची राख बसली होती. मी मुद्दाम सावकाश चाललो. खरं सांगायचं तर मी धकाते सरांचा विचार करत नव्हतो. सुमती किती रडेल, याचा विचार करत होतो. फार रडली तर मी काय करायचं… आणि रडलीच नाही तर त्याचा अर्थ काय लावायचा? ज्या माणसाचा इतकी वर्षं हेवा केला तो माणूस गेला होता, आणि हेवा मात्र माझ्याबरोबर कॉलनीपर्यंत चालत आला.

ती खाटेवर पडून होती. मी सांगितलं. ती उठून बसली, पदर सारखा केला. मग म्हणाली, "गुरुवारचं रेकॉर्डिंग आता…" आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. 

हा लेख खरं तर सुमतीनं लिहायला हवा होता. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी तिलाच विचारलं होतं. ती म्हणाली, "मी लिहिलं तर सगळं चांगलंच लिहीन. सरांना ते आवडलं नसतं. तुम्ही लिहा." मी म्हटलं, "मी काय लिहू?" तर म्हणाली, "तुम्हाला ते कधीच आवडले नाहीत ना? तेच लिहा." तिला हे माहीत होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

प्रा. केशव धकाते यांचा आवाज विदर्भातल्या बऱ्याच घरांना माहीत असेल. माणूस फार थोड्यांना माहीत असेल. उमरेडच्या विणकर घरातले. वडील हातमागावर लुगडी विणत, थोरले भाऊही तेच करत. घरातून कॉलेजात गेलेले हे पहिलेच. बुटके, काळेसावळे, कपाळावर कायम एक आठी आणि ओठांवर तिच्याशी अजिबात न जुळणारं हसू. वर्गात आणि रेडिओवर स्वच्छ, घोटीव मराठी बोलत. वर्गाबाहेर पाऊल पडलं की उमरेडचे होत. सुमती त्यांच्या विभागात लागली ती साठीच्या दशकाच्या शेवटी. रोज सकाळी एस.टी.नं नागपूरला जायची, संध्याकाळी परत. दोनेक वर्षांत रेडिओनं बहिःशाल विद्यार्थ्यांसाठी, म्हणजे नोकरी सांभाळून घरी अभ्यास करणाऱ्या मुलामुलींसाठी, आठवड्यातून एक पाठ सुरू केला. अभ्यासाला लावलेल्या जुन्या ग्रंथांमधली पात्रं, त्यांचे स्वभाव, लेखकाला काय म्हणायचंय ते. सगळे प्राध्यापक कागद वाचून दाखवत. धकाते सरांनी तिथल्या अधिकाऱ्याला सांगितलं, "लेक्चर लावलं की पोट्टे झोपतेत. भांडण लावा, सारा मोहल्ला कान देऊन बसते." आणि भांडायला त्यांनी सुमतीला घेतलं.

एकच पात्र, दोन बाजू. एकानं त्या पात्राची वकिली करायची, दुसऱ्यानं त्याच्यावर खटला भरायचा. कागद नाही, काही नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जेवत होतो. सुमतीचं रेकॉर्डिंग आधीच झालेलं असे, त्यामुळे प्रक्षेपणाच्या वेळी ती घरीच, माझ्यासमोर, पोळ्या लाटत होती. आणि रेडिओत दुसरीच एक सुमती होती. ही सुमती मधेच तोडत होती, "थांबा सर, हे तुम्ही मूळ प्रसंगातलं अर्धंच सांगताय" असं म्हणत होती, आणि धकाते सरांच्या एका वाक्यावर ती हसली… घशातून, मोकळं, जरा मोठ्यानंच. मी पोळपाटाशी बसलेल्या सुमतीकडे पाहिलं. लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील. ते हसू मी घरात कधी ऐकलेलं नव्हतं.

आमचं भांडण नव्हतं, हे सांगायला हवं. आम्ही बोलायचो. दूध, रॉकेल, माझ्या आईचं औषध, कोण कधी येणार, पंखा दुरुस्तीला कधी टाकायचा. मी काही म्हटलं की ती "बरं" म्हणायची. आजूबाजूचे लोक आमच्या संसाराचं उदाहरण द्यायचे. पण आठवड्यातून एका संध्याकाळी आमच्या अख्ख्या ओळीत रेडिओ लागत आणि एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत माझी बायको परक्या माणसाशी भांडत जाई. शेजारणी म्हणत, "वैनी, आज सरायले चांगलं पकडलं तुमी." दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमचे मिश्राजी भर कँटीनमध्ये म्हणत, "साब, भाभीजी और वो प्रोफेसर क्या लड़ते हैं! बिलकुल मियाँ-बीवी." सगळे हसत. मीही हसे. चहा मात्र तसाच टाकून उठे.

लोकांना वाटेल की मला भलताच संशय असेल. तसा संशय मला एक दिवसही आला नाही. आला असता तर सोपं झालं असतं. संशयाला काहीतरी करता येतं. मला हेवा होता तो त्या दोघांच्या बोलण्याचा. मी मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास झालेला, पुढे डिप्लोमा केलेला माणूस. म्हटलं, पुस्तकं वाचायला काय लागतं? वाचनालयातून एकेक ग्रंथ आणून वाचायला लागलो. जेवताना मत द्यायचो. "मला वाटतं, तो राजा मनानं दुबळा आहे." सुमती माझ्या वाटीत आमटी वाढत म्हणायची, "हो, तसंही म्हणता येईल." पुढच्या आठवड्यात नेमकं तसंच मत रेडिओवर धकाते सर मांडायचे आणि ती त्याची अशी चिरफाड करायची की बिचारा राजा ओळखू येऊ नये. मला ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासारखं सांभाळून घेत होती. सांभाळून घेतलं जाण्यासारखा अपमान नाही.

मग एका वर्षी अभ्यासक्रमाला एक जुनी सामाजिक कादंबरी लागली. आज ती कुणी वाचत नाही. तिच्यात विसाजी नावाचा खजिन्यातला कारकून आहे. तो आपल्या बायकोला, येसूला, स्वतः पाटीवर अक्षरं शिकवतो. ती हुशार निघते. वाचायला लागते, मग देवळात बायकांना पोथ्या वाचून दाखवते, मग पुरुषही ऐकायला येऊ लागतात. आणि एक दिवस विसाजी तिची सगळी पुस्तकं पेटीत भरून कुलूप लावतो आणि किल्ली हरवली म्हणून सांगतो. ही कादंबरी मी एका बैठकीत वाचली आणि दोन दिवस सुमतीच्या नजरेला नजर दिली नाही. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न होता तो, विसाजीचं स्वभावचित्र रेखाटा. रेडिओवर त्याचा पाठ होणार होता. सुमती त्याला फाडून खाणार, याबद्दल मला शंका नव्हती.

झालं उलटंच. खटला धकाते सरांनी भरला आणि विसाजीची बाजू सुमतीनं घेतली. ती म्हणाली, "त्यानं पुस्तकं जाळली नाहीत. किल्ली विहिरीत टाकली नाही, जानव्याला बांधून ठेवली. त्याला तिच्या वाचनाची भीती नाही सर. आपण मागे राहिलो आणि तिला ते कळलंसुद्धा नाही, याचं त्याला दुःख आहे. तिनं एकदा मागावी, एवढंच त्याला हवंय." धकाते सर म्हणाले, "आणि तिनं का मागावी? पुस्तकं तिची होती."  मग सुमती हळू म्हणाली, "हो. पण ती मागत नाही, कारण तिचंही त्याच्याकडे लक्ष उरलेलं नाही. लेखकानं हा दोष दोघांत वाटलाय." मी रेडिओशेजारी उभा होतो. मला वाटलं, हिला सगळं माहीत आहे. ही हे मला सांगतेय, साऱ्या विदर्भाला ऐकवून मला सांगतेय.

पाठ संपल्यावर मी तिला विचारलं. शब्द फार जपून निवडले होते. ती भांडी आवरत होती. म्हणाली, "अहो, ती बाजू माझ्या वाट्याला आली होती. सर आधी नाणं उडवतात. छापा आला की वकिली, काटा आला की खटला. आपल्याला मनातून काय वाटतं ते बोलायचंच नाही, असाच आमचा नियम आहे." आणि तिनं कढई उपडी घातली.

त्यानंतरच्या रविवारी मी स्कूटर काढून एकटाच नागपूरच्या नंदनवन वस्तीत गेलो. धकाते सरांनी तिथे नुकतंच घर बांधलं होतं; आजूबाजूला अर्धे प्लॉट तेव्हा मोकळेच होते. सर गंजिफ्रॉकवर बसून मुलांचे निबंध वाचत होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं असेल, पण दाखवलं नाही. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "सर, विसाजीबद्दल सुमतीला खरोखर काय वाटतं?" त्यांच्या कपाळावरची आठी खोल गेली. विसाजीच्या आडून मी माझीच चौकशी करतोय, ते त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, "विनायकराव, पुस्तकातल्या माणसाच्या मनात काय आहे ते मी सांगतो. त्याचाच मले पगार भेटते. जित्या माणसाचं मी सांगत नाही. तुमी सुमतीबाईलेच विचारा." मी म्हटलं, "विचारलं. ती म्हणते, नाणं पडलं तसं बोलले." यावर ते हसले नाहीत, हे मला लक्षात आहे. म्हणाले, "मग आजून एक डाव विचारा." दुसरा एखादा माणूस असता तर त्यानं काहीतरी गोड बोलून मला वाटेला लावलं असतं, किंवा तुमची बायको मला तुमच्यापेक्षा जास्त कळते असा आव तरी आणला असता. मला तेच हवं होतं. तो माणूस हलका निघायला हवा होता मला. नाही निघाला, आणि तेही मी त्यांना कधी माफ केलं नाही.

त्यांच्या पत्नी, कमलावहिनी, चहा घेऊन आल्या. सर फाटकाशी कुणाशी तरी बोलायला उठले तेव्हा त्या कपबशी ठेवून थांबल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमी आयकता तो कार्यक्रम?"

"ऐकतो. तुम्ही?"

"मी नाही आयकत. त्या दिवशी मी रेडिओचे सेलच काढून ठेवते." मग फाटकाकडे बघत, आवाज न चढवता म्हणाल्या, "घरी तं यायच्या तोंडातून शब्द निंघत नाही. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट खाऊन उठतेत. अन् तिथं पाहा."

मी कप उचलला. सर परत येताना दिसले तशा त्या आत गेल्या. पण त्या दिवसापासून कुठे लग्नाकार्यात आम्ही भेटलो की एकमेकांकडे बघून मान हलवायचो, एकाच दुखण्याचे दोन रोगी दवाखान्याच्या बाकावर भेटावेत तसे.

काही वर्षांनी माझी बढतीवर परळीला बदली निघाली. हुकूम हातात पडला तेव्हा मला झालेला आनंद पगाराचा नव्हता, हे मी स्वतःपासून लपवलं नाही. परळीहून कुणी नागपूरच्या कॉलेजात शिकवायला किंवा दर आठवड्याला रेकॉर्डिंगला येत नाही. संध्याकाळी सुमतीला सांगितलं. मला वाटलं होतं ती नाराज होईल, कारणं काढेल, निदान विचार करू म्हणेल. ती म्हणाली, "बरं. कधी निघायचं?" आणि माळ्यावरची ट्रंक काढायला लागली. मी जिंकलो होतो, आणि जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं.

त्या आठवड्यात धकाते सर खापरखेड्याला आले. एवढ्या वर्षांत आमच्या घरी ते त्या एकदाच आले, दुपारच्या एस.टी.नं, घामाघूम होऊन. मी सावध झालो. हे गयावया करणार, आणि आपण शांतपणे नाही म्हणायचं, असं मी ठरवूनही टाकलं. ते म्हणाले, "विनायकराव, बढती चांगली गोष्ट आहे. जा तुमी. मी फक्त इचाराले आलो, सुमतीबाईच्या जागी कोणाले घेऊ?" एवढंच. थांबा म्हणून एक शब्द नाही.

आम्ही जेवायला बसलो. सुमतीनं एका नवीन लागलेल्या प्राध्यापिकेचं नाव सुचवलं. सर म्हणाले, "ती सासवांवर फार चिडते." सुमती म्हणाली, "म्हणजे?" सर म्हणाले, "येसूच्या सासूबद्दल काय बोलली ठाऊक आहे? म्हणे, म्हातारीनं जानव्याची किल्ली पाहिली आणि गप्प बसली, म्हणून ती विसाजीपेक्षा दुष्ट." सुमती म्हणाली, "बरोबरच बोलली." आणि झालं. म्हातारी का गप्प बसली, यावर ती दोघं भांडू लागली. नाणं नव्हतं, वकिली नव्हती, पलीकडे ऐकणारं कुणी नव्हतं. सुमती म्हणत होती की म्हातारीनं जन्मभर कुणाकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून सुनेनंही न मागता राहावं असं तिला वाटत होतं. सर म्हणत होते की तिला मुलाची लाज वाटत होती, आणि आईला मुलाची लाज वाटली की ती सून गमावते. मी भात वाढला, वरण वाढलं. कुणाचं लक्ष नव्हतं. दोघांचे उष्टे हात ताटावर वाळून गेले. सुमतीचा चेहरा मी शेजारून पाहत होतो. ताप उतरल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर तरतरी येते ना, तसा.

सर गेल्यावर मी बढती नाकारल्याचा अर्ज दिला. तिच्या सुखासाठी दिला असं लिहिलं तर ऐकायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. परळीला ती माझ्यासमोर रोज गप्प बसली असती, आणि ती कशासाठी गप्प आहे ते मला रोज माहीत असतं. तिथे तर धकाते सर चोवीस तास आमच्या घरात राहिले असते. त्यापेक्षा आठवड्यातून अर्धा तास रेडिओत बरे. सुमतीला मी सांगितलं की बदली रद्द झाली. ती म्हणाली, "बरं," आणि ट्रंक परत माळ्यावर ठेवायला मला हात लावायला बोलावलं. ट्रंक वर चढवताना ती एकदम म्हणाली, "कशी रद्द झाली?" मी म्हटलं, "झाली." तिनं पुढे विचारलं नाही. त्या संध्याकाळी तिनं गाजराचा हलवा केला, कसलंही निमित्त नसताना.

त्यानंतर कितीतरी पाठ झाले. टीव्ही आला, रेडिओ कमी झाले, तरी बहिःशालची मुलं ऐकत राहिली. सरांचे केस पिकले, सुमतीला चष्मा लागला. माझा हेवा कमी झाला असं नाही. त्याची सवय झाली, गुडघ्याच्या दुखण्याची होते तशी. आणि मग तो फोन आला.

सर गेल्यावर रेडिओवाल्यांनी सुमतीला एक तरुण प्राध्यापक जोडीला दिला. तिनं एक पाठ केला. घरी येऊन म्हणाली, "फार लवकर पटतं त्याला," आणि पुन्हा गेली नाही. पण सर दर रविवारी नंदनवनच्या घरी, बाहेरच्या खोलीत, बहिःशालच्या मुलांना शिकवायचे. गिरणीतली मुलं, नर्सेस, तलाठी, लग्न झालेल्या पोरी. त्यांची परीक्षा तोंडावर होती. सुमती म्हणाली, "मी जाते." मी स्कूटरवरून तिला सोडतो. परत येऊन पुन्हा न्यायला जायचं म्हणजे फेरा पडतो, म्हणून तिथेच मागे चटईवर बसतो.

गेले काही रविवार मी पाहतोय. सुमती एखाद्या पात्राबद्दल एक विधान करते, ठाम, आणि थांबते… मुलांना वाटतं बाई पुढचं आठवताहेत. तसं नाही. ती मान जराशी डावीकडे करते, आणि समोरच्याला घसा खाकरून उत्तराला सुरुवात करायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ गप्प राहते. मग ती स्वतःच समोरची बाजू मांडते, सरांसारखी, कधीकधी त्यांच्याहून चांगली. आणि बहुतेक वेळा त्या बाजूला जिंकू देते. दर रविवारी मला वाटतं, ती थांबते तेवढ्यात आपण एक वाक्य बोलावं. माझ्याकडे वाक्य असतं. चांगलं असतं. पण ती जागा मोकळी नाही, हे मला चटईवर बसूनसुद्धा दिसतं.

परवा कमलावहिनी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी कप घ्यायला उठलो. खोलीत सुमती नेमकी एक विधान करून थांबली होती. वहिनींनी कप माझ्या हातात दिला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "पाहा भाऊ, गेले तरी जागा सोडून नाही राहिले."

मी म्हटलं, "नाही राहिले."

चहा निवत गेला. आम्ही दोघं दारातच उभे राहून ऐकत राहिलो.